चौथ्या स्टेजचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर: पहिल्या फळीतल्या औषधांचं परीक्षण

पहिली केमो लावण्याआधी हातात चार गोष्टी हव्यात: आरएएस आणि बीआरएएफ (ट्यूमरच्या वाढीशी संबंधित जनुकं) आणि एमएमआर (डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं) या तीन तपासण्यांचे रिपोर्ट, आणि मूळ गाठ आतड्याच्या उजव्या बाजूला होती की डाव्या, याची स्पष्ट नोंद. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर यकृतात, फुफ्फुसात किंवा पोटाच्या अस्तरावर पसरलेला असेल, तर कोणत्या औषधांनी सुरुवात करायची हे बहुतांशी याच चार उत्तरांवर ठरतं. औषधांची नावं पुष्कळ आहेत, ती एकमेकांना जोडण्याचे प्रकार त्याहून जास्त आहेत आणि प्रत्येकाची जाहिरात जोरात आहे. म्हणून इथे प्रत्येक योजना परिणाम, त्रास आणि रोजच्या वापरातल्या अडचणी या तीन बाजूंनी तपासली आहे. डोसचे आकडे रुग्णाच्या फाइलशी ताळा करता यावा म्हणून दिले आहेत. ते बदलण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच.

आधी रिपोर्ट कसा वाचायचा ते पाहू. सगळ्यात जास्त गफलती इथेच होतात. आरएएसच्या रिपोर्टमध्ये केआरएएस आणि एनआरएएस ही दोन्ही जनुकं असली पाहिजेत, आणि दोन्हींचे २, ३ आणि ४ हे एक्सॉन (जनुकाचे भाग) तपासलेले असले पाहिजेत. फक्त ‘केआरएएस कोडॉन १२ आणि १३ नॉर्मल’ असं लिहिलेला रिपोर्ट अपुरा आहे. त्यावर विसंबून ईजीएफआरविरोधी औषध, म्हणजे पेशीला वाढीचा संदेश देणारा ईजीएफआर रोखणारं सेटक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब, देऊ नये. बीआरएएफमध्ये व्ही६००ई हा बदल पाहायचा. बीआरएएफमधले इतर बदल वेगळ्या वागणुकीचे असतात आणि त्यांना व्ही६००ईचे नियम लागू होत नाहीत. एमएमआरची तपासणी बायोप्सीच्या त्याच ब्लॉकवर चार प्रथिनांसाठी होते: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. यातलं एखादं गायब असेल तर ट्यूमर ‘एमएमआर डेफिशियंट’. हा रिपोर्ट दोन-चार दिवसांत मिळू शकतो. जनुकांच्या रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून बायोप्सीचं निदान हाती आलं की त्याच दिवशी ब्लॉक पुढच्या तपासण्यांना पाठवायला सांगावं. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीची वाट पाहण्यात फुकट वेळ जातो.

रुग्ण थांबण्याच्या स्थितीत नसेल, म्हणजे यकृत भराभर बिघडतंय किंवा लक्षणं वाढत चालली आहेत, तर दोन औषधांची केमो अँटिबॉडीशिवाय (म्हणजे बेव्हॅसिझुमॅब किंवा ईजीएफआरविरोधी औषधाशिवाय) सुरू करता येते. रिपोर्ट आला की दुसऱ्या किंवा तिसऱ्या सायकलपासून योग्य अँटिबॉडी जोडायची. यात काही बिघडत नाही. घाईघाईत चुकीची अँटिबॉडी लावली तर मात्र बिघडतं. त्याचे आकडे पुढे येतीलच.

उजवं-डावं ठरवताना सीकम, असेंडिंग आणि ट्रान्सव्हर्स कोलन उजव्या बाजूला मोजतात. प्लीहेजवळच्या वळणापासून खाली डिसेंडिंग, सिग्मॉइड आणि गुदाशय हे डावीकडे. गाठ पूर्वीच काढलेली असली तरी ती कुठे होती हेच महत्त्वाचं. आता आजार फक्त यकृतात आहे म्हणून बाजू बिनमहत्त्वाची ठरत नाही.

पाया: दोन औषधांची केमो

सगळ्याच्या तळाशी ५-फ्लुओरोयुरॅसिल (५-एफयू) आहे. १९५७ साली पुढे आलेलं हे औषध अजून या आजाराचा कणा आहे. त्याच्या जोडीला ऑक्झॅलिप्लॅटिन दिलं की फॉलफॉक्स, इरिनोटेकान दिलं की फॉलफिरी. ५-एफयूच्या जागी केपसायटाबिनच्या गोळ्या आणि सोबत ऑक्झॅलिप्लॅटिन म्हणजे केपॉक्स.

यातलं सरस कोणतं, हा प्रश्न सारखा विचारला जातो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात २२० रुग्णांपैकी निम्म्यांना आधी फॉलफिरी आणि मग फॉलफॉक्स दिलं, उरलेल्यांना उलट्या क्रमाने. मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्यापेक्षा जास्त जगले तो आकडा, २१.५ आणि २०.६ महिने निघालं. फरक नाही म्हणावा इतका कमी. त्यामुळे परिणामाच्या जोरावर यात निवड करता येत नाही. निवड त्रासावरून करायची, आणि इथे रुग्णाचा व्यवसाय विचारणं फार उपयोगाचं. शिवणकाम, वादन, दागिन्यांचं बारीक काम, संगणकावर टायपिंग असं बोटांवर पोट असलेल्या माणसाला ऑक्झॅलिप्लॅटिनपेक्षा इरिनोटेकान बरं. आधीपासून मधुमेहामुळे पायांना मुंग्या येत असतील तरीही तेच. उलट बिलिरुबिन वाढलेलं असेल, आतडं अर्धवट अडलेलं असेल किंवा केस जाण्याची फार धास्ती असेल, तर ऑक्झॅलिप्लॅटिन बरं. कावीळ असताना पूर्ण डोसमध्ये इरिनोटेकान देणं धोक्याचं, कारण त्याचा निचरा यकृत आणि पित्तामार्गेच होतो.

आज सर्वात रुळलेली मांडणी म्हणजे सुधारित फॉलफॉक्स-६. ऑक्झॅलिप्लॅटिन शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळाला ८५ मिलिग्रॅम, दोन तासांत. त्याच वेळी ५-एफयूचा परिणाम वाढवणारं ल्युकोव्होरिन ४०० मिलिग्रॅम. मग ५-एफयूचा ४०० मिलिग्रॅमचा बोलस (एकदम दिलेलं इंजेक्शन) आणि त्यानंतर २४०० मिलिग्रॅम ४६ तासांच्या पंपातून. दर १४ दिवसांनी हेच. फॉलफिरीत ऑक्झॅलिप्लॅटिनऐवजी इरिनोटेकान १८० मिलिग्रॅम, दीड तासात. ऑक्झॅलिप्लॅटिन ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं. सलाइनमधल्या क्लोराइडमुळे ते विघटित होतं, म्हणून आधी आणि नंतर नळीही डेक्स्ट्रोजनेच धुवायची. पांढऱ्या पेशी वारंवार घसरत असतील तर सगळ्यात आधी ५-एफयूचा बोलस काढावा. पेशींवरचा मोठा भार त्याचाच असतो. खरं काम ४६ तासांचा पंप करतो, त्यामुळे बोलस काढल्याने फारसं काही हातचं जात नाही. हे न करता दर वेळी सायकल आठवडाभर पुढे ढकलत राहणं हा वाईट तोडगा आहे.

पंपाबद्दल थोडं सविस्तर. छातीतल्या पोर्टला (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या डबीला) जोडलेला फुग्यासारखा पंप रुग्ण घरी घेऊन जातो. त्याची गती तापमानावर अवलंबून असते. नळीवरचा गती-नियंत्रक त्वचेला चिकटवलेला राहिला पाहिजे. तो सुटून लोंबकळत राहिला किंवा पंप उन्हात तापला तर औषध लवकर किंवा उशिरा संपतं. दोन-चार तास इकडेतिकडे झाले तर चिंता नको. दुसऱ्या दिवशी सकाळी फुग्याचा आकार जराही कमी झालेला नसेल तर क्लॅम्प उघडा आहे का, नळी दुमडली आहे का, ते पाहावं. पंप काही तासांतच रिकामा झाला तर मात्र ती आणीबाणी आहे, मग त्या घडीला रुग्णाला कितीही बरं वाटत असो. ५-एफयूच्या अतिमात्रेवर युरिडिन ट्रायअॅसिटेट हा उतारा आहे. तो शेवटच्या डोसपासून ९६ तासांच्या आत सुरू करावा लागतो. पोर्टच्या जागी जळजळ, सूज किंवा ओल दिसली तरीही पंप तिथेच बंद करून फोन करायचा.

केपॉक्स सोयीचं आहे हे खरं. पंप नाही, तीन आठवड्यांतून एकच फेरी. ऑक्झॅलिप्लॅटिन दर चौरस मीटरला १३० मिलिग्रॅम पहिल्या दिवशी. केपसायटाबिन दर चौरस मीटरला १००० मिलिग्रॅम सकाळी आणि तेवढंच संध्याकाळी, १४ दिवस. मग सात दिवस सुट्टी. परिणाम फॉलफॉक्सच्या तोडीस तोड असल्याचं मोठ्या अभ्यासात सिद्ध झालं आहे. पण या सोयीमागे एक अट आहे: रुग्ण किंवा घरातलं कुणीतरी गोळ्या थांबवण्याचा निर्णय वेळेवर घेऊ शकलं पाहिजे. गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्यासोबत. चुकलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढायचा नाही. नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा शौचाला जावं लागलं, तोंड येऊन जेवण अवघड झालं किंवा तळपाय टेकवताना दुखू लागले, की त्याच दिवशी गोळ्या बंद करून कळवायचं. ‘कोर्स पूर्ण करायचाच’ या जिद्दीने उरलेल्या गोळ्या संपवणारे रुग्णच अखेर अॅडमिट होतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं मोजमाप) ३० ते ५० असेल तर डोस २५ टक्के कमी, ३० च्या खाली गेला तर औषध नकोच. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याचं मोजमाप) अनपेक्षित वाढतो. फिट्सवरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळीही वाढते. पहिल्या दिवसांत छातीत दुखलं तर ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचं लक्षण असू शकतं. अशा वेळी गोळी थांबवून ईसीजी काढायचा. अॅसिडिटी समजून दुर्लक्ष करू नये.

केपसायटाबिनमुळे तळहात-तळपाय लाल होतात, सोलवटतात. त्यावर एक स्वस्त आणि चांगला उपाय सिद्ध झाला आहे: १ टक्का डायक्लोफेनॅकचं साधं जेल. डी-टॉर्च या अभ्यासात २६४ रुग्णांमध्ये मध्यम ते तीव्र त्रासाचं प्रमाण जेल लावणाऱ्यांत ३.८ टक्के राहिलं, नुसतं प्लासिबो लावणाऱ्यांत १५ टक्के. इतका साधा उपाय प्रत्येक केपसायटाबिनच्या चिठ्ठीवर असायला हवा.

ऑक्झॅलिप्लॅटिनचा त्रास दोन टप्प्यांत येतो. पहिला, दर डोसनंतरच्या काही दिवसांत थंडीने येणारा: गार पाणी, फ्रिजमधली वस्तू किंवा गार वारा लागला की बोटांत, ओठांत, घशात झिणझिण्या येतात. घसा आवळल्यासारखा होऊन श्वास अडकल्याची भीती वाटते. श्वासनलिका उघडीच असते आणि ऊब मिळाली की बरं वाटतं. असं झालं तर पुढच्या वेळी औषध दोनऐवजी सहा तासांत द्यायचं. तोंड येऊ नये म्हणून इतर केमोत बर्फ चघळायला देतात, तो इथे अजिबात नको. दुसरा टप्पा साठत जाणाऱ्या बधिरपणाचा. एकूण डोस दर चौरस मीटरला ८०० मिलिग्रॅमच्या आसपास गेला, म्हणजे फॉलफॉक्सच्या नऊ-दहा सायकली झाल्या, की काही जणांना शर्टाचं बटण लावणं, चिल्लर उचलणं जमत नाही. दोन सायकलींच्या मधल्या काळातही बधिरपणा जात नसेल तर ऑक्झॅलिप्लॅटिन थांबवायची वेळ आली. ते थांबवल्यावरही दोन-तीन महिने त्रास वाढत राहू शकतो, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावं. कॅल्शियम-मॅग्नेशियमची सलाइन यासाठी वर्षानुवर्षं दिली गेली. मोठ्या तुलनात्मक अभ्यासात तिचा काहीही फायदा दिसला नाही. अजूनही कुणी देत असेल तर ती बंद करावी.

इरिनोटेकानचे जुलाबही दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा. सलाइन चालू असताना किंवा त्याच दिवशी घाम, लाळ, पोटात मुरडा आणि जुलाब झाले तर अॅट्रोपिनचं इंजेक्शन. २४ तासांनंतर सुरू होणारे जुलाब वेगळे. तिथे पहिली पातळ शौच होताच लोपेरामाइड ४ मिलिग्रॅम, मग दर दोन तासांनी २ मिलिग्रॅम, जुलाब थांबून १२ तास होईपर्यंत. ४८ तासांत थांबले नाहीत किंवा ताप आला तर थेट हॉस्पिटल. हा डोस पाकिटावर छापलेल्या डोसपेक्षा जास्त असल्याने मेडिकल दुकानदार तो घेऊ नका म्हणतो आणि रुग्ण थांबतो. म्हणून डॉक्टरांनी तो चिठ्ठीवर लिहूनच द्यावा.

५-एफयू किंवा केपसायटाबिन सुरू करण्याआधी डीपीवायडी जनुकाची तपासणी करावी, असं आमचं ठाम मत आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० पासून तशी शिफारस केली आहे. ५-एफयू शरीरात मोडणारं डीपीडी हे एन्झाइम (ते याच जनुकामुळे बनतं) कमी असेल तर नेहमीचा डोस जीवघेणा ठरतो. अंशतः कमी असेल तर निम्म्या डोसपासून सुरुवात करून सोसेल तसा वाढवत नेतात. तपासणी नॉर्मल आली म्हणून सावधगिरी सोडू नये, कारण नेहमीच्या चाचणीत मोजकेच बदल पाहिले जातात. पहिल्याच सायकलमध्ये दहा दिवसांच्या आत तोंड पूर्ण सोलवटलं, जुलाब आणि पांढऱ्या पेशी एकदम घसरल्या, तर डीपीडीचाच संशय घ्यायचा. इरिनोटेकानसाठी अशीच तपासणी त्याचा निचरा करणाऱ्या यूजीटी१ए१ या जनुकाची असते.

बेव्हॅसिझुमॅब: भरवशाचं, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको

ट्यूमरला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारी ही अँटिबॉडी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या पद्धतीच्या इरिनोटेकान केमोला जोडल्यावर मध्यक आयुष्य १५.६ वरून २०.३ महिने झालं होतं. पण ती केमो दुबळी होती. ऑक्झॅलिप्लॅटिनच्या केमोबरोबर तपासल्यावर आजार न वाढता राहण्याचा कालावधी ८.० वरून ९.४ महिने झाला आणि एकूण आयुष्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. आजही आरएएसमध्ये बदल असलेल्या, आणि तसे रुग्ण जवळपास निम्मे असतात, तसंच उजव्या बाजूच्या गाठीच्या रुग्णांसाठी दोन औषधांची केमो आणि बेव्हॅसिझुमॅब हाच रूढ मार्ग आहे. डोस दोन आठवड्यांच्या केमोबरोबर वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम, तीन आठवड्यांच्या केमोबरोबर ७.५.

दर फेरीला रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन पाहिलं पाहिजे. मोठ्या ऑपरेशननंतर किमान २८ दिवस आणि जखम पूर्ण भरेपर्यंत हे द्यायचं नाही. ठरवून करायच्या ऑपरेशनच्या किमान २८ दिवस आधी बंद, यकृताच्या ऑपरेशनसाठी बरेच सर्जन सहा आठवडे मागतात. अलीकडे स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर नको. आतड्याला भोक पडण्याचा धोका एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे पोट अचानक दुखलं तर पेनकिलर घेऊन घरी बसून राहू नये.

सेटक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब: योग्य रुग्णात उत्तम, चुकीच्या रुग्णात घातक

आरएएस आणि बीआरएएफ नॉर्मल, गाठ डावीकडे आणि एमएमआर शाबूत असेल तर पहिली पसंती या दोन ईजीएफआरविरोधी अँटिबॉडींनाच. पॅराडाइम अभ्यासात डाव्या बाजूच्या, आरएएस नॉर्मल असलेल्या रुग्णांत फॉलफॉक्ससोबत पॅनिटुमुमॅब दिल्यावर मध्यक आयुष्य ३७.९ महिने, बेव्हॅसिझुमॅबसोबत ३४.३. ट्यूमर लक्षणीय आक्रसण्याचं प्रमाण ८० टक्के विरुद्ध ६९. ऑपरेशनसाठी यकृतातल्या गाठी लहान करायच्या असतील तेव्हा हा दुसरा फरक जास्त मोलाचा. उजव्या बाजूला हा फायदा दिसला नाही. एका जुन्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाच्या विश्लेषणात तर उजव्या बाजूला सेटक्सिमॅब घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १६.७ महिने आणि बेव्हॅसिझुमॅब घेणाऱ्यांचं २४.२ होतं. आरएएसमध्ये बदल असताना पॅनिटुमुमॅब जोडलं तेव्हा नुसत्या फॉलफॉक्सच्या १९.२ महिन्यांवरून आयुष्य १५.६ वर आलं. म्हणून रिपोर्टसाठी इतका आग्रह.

जोडीदार केमोही निवडून घ्यावी लागते. फॉलफॉक्स किंवा फॉलफिरी चालते. केपसायटाबिनबरोबर किंवा नुसत्या बोलस पद्धतीच्या ५-एफयूबरोबर फायदा दिसलेला नाही आणि जुलाब वाढतात. म्हणून केपॉक्सला सेटक्सिमॅब जोडलेली चिठ्ठी दिसली तर विचारणा करावी. बेव्हॅसिझुमॅब आणि ईजीएफआरविरोधी औषध एकत्र देण्याचे दोन मोठे प्रयोग झाले. दोन्हीत निकाल वाईट लागला.

चेहऱ्यावर, छातीवर पुरळ पहिल्या दोन ते चार आठवड्यांत उठतं. ते मुरुमांसारखं दिसलं तरी मुरुमांची क्रीम लावायची नाही, त्वचा आणखी कोरडी पडते. पुरळ येण्याची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टेरॉइड क्रीम आणि डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा, असा सहा आठवड्यांचा कार्यक्रम ठेवावा. एका अभ्यासात यामुळे मध्यम आणि तीव्र त्रास ६२ टक्क्यांवरून २९ वर आला. मॅग्नेशियम हळूहळू घसरतं. अशक्तपणा, पायात गोळे, हृदयाचे ठोके चुकणं अशी लक्षणं येईपर्यंत ते कुणी तपासत नाही. दर फेरीला तपासावं आणि कमी असेल तर शिरेतून द्यावं, कारण तोंडावाटे देऊन फारसं भरून निघत नाही आणि जुलाब वाढतात. सेटक्सिमॅबच्या पहिल्याच डोसला तीव्र अॅलर्जी येऊ शकते. पॅनिटुमुमॅबमध्ये हा धोका कमी असतो.

५-एफयू, ऑक्झॅलिप्लॅटिन आणि इरिनोटेकान या तीन औषधांची फॉलफॉक्सिरी आणि बेव्हॅसिझुमॅब ही जोरकस योजना आहे. ट्राइब अभ्यासात फॉलफिरी आणि बेव्हॅसिझुमॅबच्या २५.८ महिन्यांसमोर तिने २९.८ महिने मध्यक आयुष्य दिलं. पण पांढऱ्या पेशी गंभीर पातळीपर्यंत घसरण्याचं प्रमाण ५० टक्के होतं, तीव्र जुलाब जवळपास १९ टक्के. पंचाहत्तरीच्या आतले, हिंडते-फिरते, भूक शाबूत असलेले, आरएएस बदललेले किंवा उजव्या बाजूचे रुग्ण हे तिचे खरे मानकरी. आठ सायकलींच्या पुढे ती ओढू नये. आरएएस नॉर्मल असलेल्या रुग्णांत पॅनिटुमुमॅबबरोबर तीन औषधं देऊन दोन औषधांपेक्षा काही जास्त मिळालं नाही, हेही तपासून झालं आहे.

इम्युनोथेरपी: या यादीतलं सर्वात मोठं यश

पसरलेल्या आजारात एमएमआर डेफिशियंट रुग्ण जेमतेम ४-५ टक्के. पण त्यांच्यासाठी इम्युनोथेरपीने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती ट्यूमरवर सोडणाऱ्या औषधांनी, चित्रच पालटतं. कीनोट-१७७ या ३०७ रुग्णांच्या अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅबने आजार रोखून धरण्याचा कालावधी केमोच्या ८.२ महिन्यांवरून १६.५ वर नेला. तीव्र दुष्परिणाम ६६ टक्क्यांऐवजी २२ टक्के. २०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, जास्तीत जास्त दोन वर्षं. मात्र याच अभ्यासात २९ टक्के रुग्णांचा आजार पेम्ब्रोलिझुमॅबवर सुरुवातीलाच वाढला. केमोत हे प्रमाण १२ टक्के होतं. ही उणीव निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅबच्या जोडीने बरीच भरून काढली: चेकमेट ८एचडब्ल्यू अभ्यासात दोन वर्षांनी आजार न वाढलेले रुग्ण ७२ टक्के, केमोत १४. आजार मोठा असेल आणि प्रकृती सोसणारी असेल तर आम्ही जोडीला झुकतं माप देऊ. वयस्कर, नाजूक प्रकृतीच्या किंवा ऑटोइम्यून आजाराकडे कल असलेल्या रुग्णाला एकटं पेम्ब्रोलिझुमॅब.

चेकमेट ८एचडब्ल्यूमध्येच केमोशी तुलनेसाठी निवडलेल्या ३०३ जणांपैकी फक्त २५५ जणांचा रिपोर्ट मध्यवर्ती प्रयोगशाळेत पक्का ठरला. म्हणजे स्थानिक रिपोर्ट चुकतात. शंका असेल तर प्रथिनांची तपासणी आणि एमएसआयची (एमएमआर बिघडल्याची डीएनएमधली खूण) पीसीआर अशा दोन्ही पद्धतींनी खात्री करावी, कारण एमएमआर शाबूत असलेल्या आजारात ही औषधं एकटी दिली तर जवळजवळ निरुपयोगी आहेत. आणखी एक: इम्युनोथेरपी घेणाऱ्याला जुलाब झाले तर लोपेरामाइड देऊन घरी ठेवणं ही चूक आहे. तो रोगप्रतिकारशक्तीने स्वतःच्याच आतड्यावर केलेला हल्ला असू शकतो आणि त्याला स्टेरॉइड लागतं. थायरॉइड, यकृत आणि साखर दर काही आठवड्यांनी तपासावी. नवा खोकला किंवा धाप लागली तर फुफ्फुसाचा स्कॅन करावा.

बीआरएएफ व्ही६००ई हा बदल सुमारे दहापैकी एका रुग्णात सापडतो आणि पूर्वी या निदानाने सगळेच हात टेकायचे. ब्रेकवॉटर अभ्यासात बीआरएएफला रोखणारं एन्कोराफेनिब ३०० मिलिग्रॅम रोज, सेटक्सिमॅब आणि फॉलफॉक्स या मिश्रणाने आजार रोखण्याचा कालावधी ७.१ वरून १२.८ महिने आणि मध्यक आयुष्य १५.१ वरून ३०.३ महिने नेलं. दुप्पट! इथे गाठ उजवीकडे असली तरी सेटक्सिमॅब चालतं, कारण एन्कोराफेनिब सोबत आहे. सांधेदुखी, त्वचेवरच्या नव्या गाठी आणि ईसीजीतला क्यूटी हा कालावधी यांवर लक्ष ठेवावं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स आणि फंगसवरच्या काही गोळ्या एन्कोराफेनिबची पातळी वाढवतात. बीआरएएफ आणि एमएमआर दोन्ही बदललेले असतील तर आधी इम्युनोथेरपी.

सत्तरीपुढच्या, दोन औषधं न झेपणाऱ्या रुग्णांना केपसायटाबिन आणि बेव्हॅसिझुमॅब ही सौम्य योजना चांगली मानवते. एव्हेक्स अभ्यासात नुसत्या केपसायटाबिनवर आजार ५.१ महिने रोखला गेला, या योजनेने ९.१ महिने.

पहिला सीटी स्कॅन आठ ते बारा आठवड्यांनी. ऑक्झॅलिप्लॅटिन सुरू केल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत सीईए (रक्तातली ट्यूमरची खूण) तात्पुरता वाढू शकतो. त्या एका आकड्यावरून उपचार बदलू नये. आजार फक्त यकृतात असेल तर यकृताच्या सर्जनला पहिल्याच महिन्यात फाइल दाखवावी. गाठी काढण्याजोग्या झाल्या की थांबायचं. ‘अजून चार सायकली घेऊन पूर्ण घालवू’ म्हटलं की ऑक्झॅलिप्लॅटिनने यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, इरिनोटेकानने चरबी आणि सूज येते. शिवाय स्कॅनवर दिसेनाशा झालेल्या डागांत जिवंत पेशी बहुतेकदा उरतात, फक्त सर्जनला त्या सापडत नाहीत.

ऑपरेशन शक्य नसेल तर चार ते सहा महिन्यांनी भार कमी करायचा. ऑक्झॅलिप्लॅटिन काढून केपसायटाबिन किंवा ५-एफयू आणि सोबतची अँटिबॉडी चालू ठेवतात. कैरो-३ अभ्यासात केपॉक्स आणि बेव्हॅसिझुमॅबच्या सहा सायकलींनंतर केपसायटाबिन दर चौरस मीटरला ६२५ मिलिग्रॅम रोज दोनदा, खंड न पाडता, आणि बेव्हॅसिझुमॅब दिल्यावर आजार ८.५ महिने स्थिर राहिला. नुसत्या निरीक्षणात ४.१ महिने. आजार वाढण्याआधीच थांबवलेलं ऑक्झॅलिप्लॅटिन पुढे पुन्हा वापरता येतं, हाताचा बधिरपणा ओसरलेला असेल तर. मात्र दुसऱ्यांदा सुरू करताना अॅलर्जीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. पहिले दोन डोस सावकाश, अॅड्रेनॅलिन आणि स्टेरॉइड हाताशी ठेवून, पूर्ण सोयी असलेल्या केंद्रातच द्यावेत. तळहात खाजायला लागले किंवा चेहरा लाल झाला तर औषध त्याच क्षणी बंद करायचं.